तात्यांच्या देवाचं पाणी

"तात्या, ती बादली खाली ठेवा."

कारखान्याचे रखवालदार गेणूतात्या मागच्या भिंतीशी, हळद-कुंकवाने माखलेल्या त्यांच्या देवापुढे वाकलेले होते, तसेच थांबले. बादलीतलं पाणी हेलकावलं आणि थोडं त्यांच्या पायावर सांडलं.

"कशापायी?"

"टँकर दोन दिवसांतून एकदा येतोय. बायकांना प्यायला पाणी पुरत नाही आणि तुम्ही दगडाला आंघोळ घालताय."

"दगूड न्हाय बाई, त्याला..."

"देवाला तहान लागत नाही, तात्या. माणसांना लागते."

तात्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, बादली उचलून पुन्हा पिंपात ओतली आणि गेटाकडे निघून गेले. मी स्वतःवर भलतीच खूश झाले. हे वाक्य मी घरी जाऊन आईलाही ऐकवलं.

ही दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. नगरच्या एमआयडीसीत मुथा साहेबांचा एक छोटा कारखाना होता. तिथे कॉम्प्युटरच्या मेमरीच्या पट्ट्या बनायच्या. बोटभर लांबीच्या हिरव्या पट्टीवर आठ काळ्या चिप चिकटवायच्या, तपासायच्या आणि गुलाबी पिशवीत घालून पुण्याच्या एका कंपनीला पाठवायच्या. हातकाम सगळं बायकांचं, एकूण चौदा जणी. तपासणी माझ्याकडे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन मी नुकतीच चिकटले होते, आणि बायका मला खर्डे मॅडम म्हणायच्या, म्हणजे वयाने माझ्या मावश्या शोभतील अशासुद्धा.

या धंद्यातला खरा शत्रू म्हणजे माणसाच्या अंगावरची वीज. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच. आपल्याला नुसता चटका बसतो. पण त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढी, बोटाला कळणारही नाही एवढी वीज चिपमध्ये गेली तरी चिप कामातून जाते. वरून बघाल तर नवी कोरी. त्यात वाईट असं की कधी कधी ती लगेच मरत नाही. आज मार बसतो, तपासणीत पास होते आणि महिन्याभराने कुणाच्या तरी टेबलावर मरते.

म्हणून हॉलमध्ये नियम कडक. नायलॉनची साडी नको, सुतीच हवी. वरून पांढरा सुती कोट. आणि प्रत्येकीच्या डाव्या मनगटाला एक पट्टा, त्याची वायर बाकाला जोडलेली, म्हणजे अंगावरची वीज पट्ट्यातून बाकाला, बाकातून जमिनीत. बायका त्या पट्ट्याला दावं म्हणायच्या. सकाळी एकमेकींना विचारायच्या, "बांधलं का गं दावं?" आणि कुणी जेवायला उठताना पट्टा काढायची विसरली आणि हिसका बसला की सगळा हॉल हसायचा. "बघा, म्हैस दावं तोडून चालली." अजूनही सोल्डरिंगच्या राळेचा धूर कुठे नाकात गेला की मला तो हॉल आठवतो, ती हवा दमट राहावी म्हणून खिडक्यांना लावलेली ओली पोती, तो जेवणाच्या सुट्टीतला ठेच्याचा वास, आणि माझी ती फुशारकी.

या चौदा जणींत सगळ्यांत वेगवान हात होता मंदा पालवेचा. पाथर्डीकडची पोर, दहावी झालेली, केडगावला मावशीकडे राहायची. चिमट्यात चिप धरायची ती अशी, की बघत राहावं. दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी ती पेढे घेऊन आली. दुष्काळामुळे ऊस कमी, साखर कारखाने उशिरा सुरू होणार होते, म्हणून टोळी निघायच्या आधी तुळशीच्या लग्नानंतर घाईघाईने तिचं लग्न उरकलं होतं. नवरा ऊसतोडीचा. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा.

"मंदा, हे उतरवावं लागेल," मी म्हटलं.

"मॅडम, तेवढं सोडून बोला."

"काच आहे. पट्टा कातडीला चिकटून बसायला हवा."

"मी वर सारते ना. हे बघा." तिने सगळ्या बांगड्या कोपराकडे रेटल्या, खाली मनगट मोकळं केलं आणि पट्टा बांधून दाखवला. "बसला का न्हाय? चिकटून बसला."

"काम करताना घसरतील."

"रुमाल बांधते वरून." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, आमच्यात कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून एक. एकट्या गड्याला मुकादम टोळीत घेत न्हाई. माझ्या जागी या साली आत्या गेल्यात. सासू. पन्नाशीच्या पुढं वय हाय. म्हणाल्या, तुला सावलीतलं काम हाय, तू कर, मी लेकाच्या जोडीला जाते. फक्त पहिली संक्रांत होईस्तोवर चुडा उतरवू नको. एवढंच मागितलं त्यांनी माझ्याकडं."

मी "बरं" म्हटलं, पण मनातून नाही. माझ्या वहीत मी तिच्या नावापुढे एक फुली मारून ठेवली.

साधारण त्याच सुमाराला बायका एक तक्रार करायला लागल्या. "मॅडम, लोखंडी रॅकला हात लावला की मुंग्या येत्यात." मंदाचं बाक रॅकला लागून, ती दोनदा म्हणाली. मी मीटर घेऊन पट्टा ते बाक तपासलं. जोड पक्का होता. तो मी रोज सकाळी तपासत असे, चौदाच्या चौदा. मी सांगितलं, "हिवाळा आहे, हवा कोरडी आहे, साड्या नीट सुती नेसत जा." झालं. विषय माझ्यापुरता संपला.

डिसेंबर मध्यावर आला तेव्हा पुण्याहून पहिलं खोकं परत आलं. एकोणीस पट्ट्या मेलेल्या. सोबत चिठ्ठी, की आणखी एकदा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ.

मुथा साहेब कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. "खर्डे, हे कुठून आलं ते शोधा. दोन दिवसांत."

प्रत्येक पट्टीवर बाकाचा नंबर असायचा. मी एकोणीस पट्ट्या मांडल्या. त्यातल्या चार एकट्या सात नंबरच्या, बाकी कुणाची एक, कुणाच्या दोन. सात नंबर म्हणजे मंदा. मी वही उघडली, फुली बघितली, तारखा जुळवल्या. चुडा आला त्या आठवड्यापासून पट्ट्या मरायला लागल्या होत्या. गणितात असं सुटसुटीत उत्तर आलं की कसं बरं वाटतं, तसं मला वाटलं. हे मी लपवत नाही. मला बरं वाटलं.

मी मंदाला सगळ्यांसमोर उभं केलं. खोलीत बोलवायला हवं होतं, तेवढंही मला सुचलं नाही.

"या चार तुझ्या हातच्या आहेत. चुडा उतरव, नाहीतर बाक सोड."

"मॅडम, दावं मी नीट बांधते. तुम्ही रोज मीटर लावून बघता की."

"मग या का मेल्या?"

"मला काय ठावं? मला चिप कशी मरती ते ठावं न्हाई, पण माझा हात मला ठावा हाय." तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "संक्रांतीला महिना राहिला. तवर झाडायचं काम द्या, पिशव्या भरायचं द्या. इथून काढलं तर मला कोयत्यावर जावं लागंल, मॅडम."

"पिशव्या भरायलाही पट्टाच लागतो."

मंदाने रुमाल सोडला, दावं सोडलं, बाकावर नीट गुंडाळून ठेवलं. बांगड्या घसरून मनगटावर आल्या, तेवढाच आवाज झाला. कोट काढून घडी घातला. दारातून बाहेर पडताना ती मागच्या भिंतीकडे वळली आणि तात्यांच्या देवाला हात लावून तो कपाळाला लावला. सगळ्याच बायका तसं करायच्या. मी मनात म्हटलं, देव काय करणार आहे.

आठवड्याने दुसरं खोकं आलं. तेवीस पट्ट्या, सगळ्या मंदा गेल्यावर बनलेल्या. बाकं वेगवेगळी, एक, चार, नऊ, बारा. सात नंबरचं बाक तर रिकामं होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच हॉलमध्ये बसले होते. मला आता हे कळलं होतं की मंदाच्या नावावर चार पट्ट्या का होत्या. ती इतरांपेक्षा दुप्पट पट्ट्या बनवायची. दुप्पट बनवणारीच्या दुप्पट मरणारच. इतकं साधं गणित, आणि मी डिप्लोमावाली. मी उठले, पाणी प्यायला निघाले. चपला दाराशी काढलेल्या. पोत्यांवर शिंपडलेलं पाणी फरशीवर उतरलं होतं, त्यावर माझा पाय पडला आणि तोल सावरायला मी रॅक धरला.

मुंग्या नव्हत्या त्या. कोपरापर्यंत हात झिणझिणला.

मी मीटर आणला. एक टोक रॅकला लावलं. दुसरं कुठे लावावं कळेना, म्हणून हात धुवायच्या नळाच्या लोखंडी पाइपला लावलं. काटा उठला आणि साठ व्होल्टवर जाऊन थांबला. मी बाकाला लावलं, साठ. पट्ट्याला लावलं, साठ. चौदाच्या चौदा दावी मी रोज तपासत होते ती बाकापर्यंत. बाकाच्या पुढे काय, ते कधी बघितलंच नव्हतं. कॉलेजात जमीन म्हणजे आकृतीच्या तळाशी काढायच्या तीन रेघा. त्या काढल्या की मार्क मिळायचे.

बाकांखालून एक हिरवी वायर निघत होती. ती रॅकला जोडून, कोपऱ्यातल्या बोर्डावरून भिंतीतल्या भोकात गेलेली. मी अनवाणीच बाहेर पळाले. वायर भिंतीच्या पलीकडे निघाली, भिंतीला धरून खाली उतरली आणि विटांच्या फटीतून आत गेली. तात्यांच्या देवाच्या आत.

मी तिथे खाली बसले. हळद-कुंकवाचा थर बोटाने खरवडला. आतून लोखंडी पाइपचं तोंड निघालं, वरून जाळी लावलेलं. कण्हेरीचं एक वाळून पार कागद झालेलं फूल जाळीत अडकलं होतं. भोवतीची माती भेगाळली होती, आणि पाइप आणि माती यांच्यात माझं बोट सहज जात होतं.

"तात्या," मी हाक मारली. ती तात्यांना ऐकू गेली नसेल इतकी बारीक निघाली. दुसऱ्यांदा ओरडले.

तात्या आले. मी खाली बसलेली बघून तेही उकिडवे बसले.

"हे काय आहे?"

"अर्थिंगचा खड्डा. म्याच खांदला. नऊ फूट. मीठ, कोळसा, मीठ, कोळसा असे थर दिल्यात. वायरमन म्हणला होता, गेणू, याला रोज बादलीभर पाणी घाल. वाळला की मेला."

"आणि फूल? कुंकू?"

"फूल मी ठिवतो. रोज पाणी घालायचं, मग नुसतंच काय घालायचं. कुंकू बायकांनी चालू केलं. मी म्हणलं असूं द्या, तेवढंच कुणी पाय देत न्हाय."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगत हुतो." तात्यांच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. "तुम्ही शिकलेल्या, बाई. या तारांचंच शिकलेल्या. मला वाटलं तुम्हाला ठावं असंल. काही दुसरी सोय केली असंल."

मी आत जाऊन मीटर रॅकला लावून ठेवला आणि पिंपातलं पाणी तात्यांनी घातलं. पहिली बादली नुसती गडप झाली, काटा हललाच नाही. दुसरीला थरथरला. पन्नास. तिसरीला चाळीसच्या खाली. उतू आलेलं दूध फुंकरीने झटकन खाली बसावं तसा तो नाही उतरला, थांबत थांबत, विचार करत उतरला. सहाव्या बादलीला काटा शून्याला टेकला. म्हणजे महिनाभर आम्ही बायकांच्या मनगटाला दावं बांधत होतो आणि दाव्याचा खुंटाच उपटलेला होता. सोल्डरिंगच्या यंत्रांतून गळणारी वीज जमिनीत जाण्याऐवजी बाकांवर पसरत होती आणि त्यांच्याच हातांनी चिपमध्ये जात होती. मुंग्या येत्यात म्हणून त्या सांगत होत्या ती हीच.

मुथा साहेबांना मी सांगितलं, "साहेब, अर्थिंग गेलं होतं. खड्डा वाळला."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "तात्याला मी पहिल्या दिवशी बजावलंय, रोज पाणी घाल म्हणून. बोलवा त्याला."

तात्या दारात येऊन उभे राहिले. साहेबांनी विचारलं, "तात्या, पाणी का नाही घातलं?"

तात्या खाली बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझं नाव त्यांच्या तोंडून येणार नाही, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं. मी गप्प बसले असते तर ते निभावून गेलं असतं. खरं सांगते, दोन-तीन श्वास मी गप्प बसलेही.

"मी बंद करायला लावलं, साहेब," मी म्हणाले. "मला तो देव वाटला. आणि मंदाचा काही दोष नव्हता. तो पण मीच लावला."

साहेबांनी टेबलावरचं खोकं बाजूला सारलं. मग म्हणाले, "तिचं बाक रिकामंच आहे ना? घेऊन या तिला."

जायच्या आधी मी हॉलमध्ये तेरा जणींसमोर उभी राहून हेच सांगितलं. त्यातल्या सगळ्यांत वयस्कर विमलबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, आम्ही त्याला नमस्कार करायचो, पण वायर त्यात जाती हे आम्हाला पण ठावं होतं." मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मंदा कोयत्यावर गेल्याचं तिच्या मावशीकडून कळलं, पण टोळीचा पत्ता लागेपर्यंत संक्रांतीला चार दिवस उरले. मी आणि तात्या एसटीने साखर कारखान्याच्या अड्ड्यावर गेलो. सगळीकडे पाचटाच्या खोप्या, बैल, धूळ. मंदा बैलगाडीच्या मागे उभी राहून मोळी वर देत होती. आम्हाला बघून तिने मोळी टाकली आणि हात पदराला पुसले. मनगटं मोकळी होती. दोन्ही हातांत एकसुद्धा बांगडी नाही. हातभर उसाच्या पात्याचे ओरखडे.

माझी नजर कुठे आहे ते तिच्या सासूने ओळखलं. ती खोपीच्या तोंडाशी कंबर धरून बसली होती. "चुडा मीच उतरवला," ती म्हणाली. "पाचटात काच फुटती, हातात घुसती. म्हणलं, राहू दे संक्रांत."

जी मागणी त्या पोरीने माझ्यासमोर एवढी ठाम उभी राहून राखली, ती मागणाऱ्या बाईनेच स्वतःच्या हाताने मोडली होती. मी तिथे उभ्या उभ्या रडले. मग सगळं सांगितलं. खड्डा, पाणी, देव, काटा.

मंदाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मुंग्या येत्यात म्हणून मी दोनदा सांगितलं होतं, मॅडम."

"हो."

"दोनदा."

"हो, मंदा. तुझं बाक रिकामं ठेवलंय. चल."

सासू म्हणाली, "जा गं. मी हाय इथं." आणि उठायला गेली तर तिला उठता येईना. मंदाने तिला काखेत धरून बसवलं.

"न्हाई, मॅडम. आत्यांची कंबर धरलीय. हंगाम संपला की येते." मग मोळीकडे वळत म्हणाली, "बाकावर दुसरी कुणी बसवू नका."

दुष्काळाचा ऊस लवकर संपला. शिमगा झाला आणि एके सकाळी मंदा गेटात उभी. हात काळवंडलेले, तळव्यांना घट्टे. मी दावं घेऊन पुढे झाले, तर तिने हात मागे घेतला.

"आधी तात्यांचा देव बघू. तुम्ही बाहेर जाऊन पाणी घाला, मी मीटर धरते."

डबे आणि हात धुतलेलं पाणी आता आम्ही एका वेगळ्या पिंपात साठवत होतो, तात्यांच्या देवासाठी. मी पदर खोचला आणि बादली भरली. तात्या बाजूला विडी ओढत बसले. मी पाणी ओतलं आणि खिडकीतून ओरडले, "आला का खाली?"

"अजून न्हाई."

दुसरी ओतली. "आता?"

"थोडा हाय अजून."

तिसरी, चौथी. पाचव्या बादलीला माझा दम लागला, साडी गुडघ्यापर्यंत भिजली. तात्या खिडकीतून आत डोकावले आणि परत येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, काटा पहिल्या बादलीलाच शून्यावर हाय. ती आत हसतीय."

"गप बसा, तात्या," मी म्हणाले, आणि सहावी भरायला घेतली.